व्यावसायिक विद्युत वॉटर हीटरच्या विद्युत भागांतील बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसतिगृह, लॉज, भक्तनिवास, रुग्णालय, मंगल कार्यालय अशा ठिकाणी पहाटे गरम पाणी आले नाही की सगळ्यांची धावपळ उडते, आणि त्या धावपळीत मोजमाप न करताच सुटे भाग बदलले जातात. पुढील प्रश्न अशा ठिकाणच्या देखभाल पर्यवेक्षकांकडून, वायरमन मंडळींकडून आणि व्यवस्थापकांकडून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरे एकाच ठरावीक संचाला धरून दिली आहेत. त्यात ५०० लिटरची टाकी असून ६ किलोवॅटचे तीन एलिमेंट (पाणी तापवणाऱ्या धातूच्या नळ्या) न्यूट्रलसह स्टार जोडणीत, म्हणजे प्रत्येक एलिमेंट एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, बसवलेले आहेत. एकूण १८ किलोवॅट. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज ते फेज सुमारे ४०० व्होल्ट (जुन्या नेमप्लेटवर ४१५ लिहिलेले असते), आणि नियंत्रणाचा मार्ग २३० व्होल्टचा. आपला संच वेगळा असेल तर आकडे बदलतील, तपासणीची रीत बदलणार नाही.

हे काम कोणी करावे?

पॅनेल उघडून चालू विजेवर मोजमाप करण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या माणसाने किंवा अधिकृत परवाना असलेल्या वायरमननेच करावे. व्यवस्थापकाने हे पान वाचावे ते काम स्वतः करण्यासाठी नव्हे, तर आलेल्या माणसाला नेमके काय विचारायचे आणि त्याच्याकडून कोणते आकडे लिहून घ्यायचे हे कळावे म्हणून.

पॅनेल उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद केला, एवढे पुरेसे आहे का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर शांतपणे वाचावे अशी विनंती आहे. मुख्य आयसोलेटर (म्हणजे हाच मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घालावे, ‘काम चालू आहे’ असा फलक लावावा आणि त्यानंतर वीज खरोखर गेली आहे हे मीटरने सिद्ध करावे. त्यासाठी मीटर आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर तपासावा, मग हीटरच्या टर्मिनलवर प्रत्येक फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असे मोजावे आणि शेवटी मीटर पुन्हा त्याच सॉकेटवर तपासावा. मधल्या वेळात मीटरची वायर तुटली किंवा त्याचा फ्यूज गेला, तर ‘शून्य’ हे वाचन खोटे ठरते.

आपल्याकडे आणखी एक धोका नेहमी आढळतो. गच्चीवरच्या सोलर यंत्रणेला बॅकअप म्हणून हीटर जोडलेला असतो आणि काँटॅक्टरच्या (एलिमेंटची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या) नियंत्रणाचा पुरवठा सोलरच्या टायमरकडून, म्हणजे वेगळ्याच एमसीबीवरून (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप उडणाऱ्या स्विचवरून) आलेला असतो. अशा वेळी मुख्य स्विच बंद असूनही थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट जिवंत असतात. जनरेटरचा चेंजओव्हर असल्यास तोही लक्षात घ्यावा. पॅनेलमध्ये येणारी प्रत्येक वायर कुठून येते हे कळेपर्यंत आत हात घालू नये.

कोणती साधने लागतात? टेस्टरने काम भागत नाही का?

चांगला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (बरेच जण त्याला टाँग टेस्टर म्हणतात) आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) ही तीन साधने असली की जवळजवळ सर्व दोष सापडतात. निऑन टेस्टर मात्र येथे दिशाभूल करतो. समजा, नियंत्रणाच्या मार्गातील न्यूट्रल तुटला आहे. काँटॅक्टरच्या कॉइलमधून प्रवाह वाहत नसल्यामुळे कॉइलच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो, आणि पाहणारा म्हणतो, ‘लाइट येते आहे, म्हणजे कॉइल गेली.’ त्याऐवजी मल्टिमीटर कॉइलच्या ए-१ आणि ए-२ या दोन टर्मिनलांवर लावला तर तेथे २३० व्होल्ट मिळत नाहीत, आणि दोष कॉइलचा नसून पुरवठ्याचा आहे हे लगेच समजते.

‘कॉइल गेली’ हा शब्दप्रयोगही फोनवर मोठा घोळ करतो. कोणी हीटरच्या एलिमेंटला कॉइल म्हणतो, कोणी काँटॅक्टरच्या चुंबकाच्या वेटोळ्याला. काँटॅक्टरची कॉइल म्हणजे काही शे रुपयांचे काम, एलिमेंटसाठी मात्र टाकी रिकामी करावी लागते. या पानावर ‘कॉइल’ म्हणजे काँटॅक्टरचीच, आणि पाणी तापवणारा तो एलिमेंट.

पाणी अजिबात तापत नाही. सुरुवात कुठून करावी?

पुरवठ्यापासून सुरुवात करून एकेक पायरी पुढे जावे. प्रथम काँटॅक्टरच्या वरच्या तीन टर्मिनलांवर तिन्ही फेज आहेत का ते पाहावे. असतील तर काँटॅक्टर ओढला आहे का, म्हणजे चुंबकाने त्याचे संपर्क जुळवले आहेत का, ते पाहावे. ओढलेला नसेल तर दोष नियंत्रणाच्या मार्गात आहे, आणि या मार्गात सगळे संपर्क एका माळेत असतात : नियंत्रणाचा फ्यूज, हाय-लिमिट कटआउट (पाणी फार तापल्यास मार्ग तोडणारा स्विच), टाकीत पाणी असल्याची खात्री करणारा स्विच, थर्मोस्टॅट, टायमर असल्यास तो, आणि शेवटी कॉइल. त्यांतील एक जरी उघडा असला तरी काँटॅक्टर ओढत नाही.

उघडा दुवा शोधण्याची सोपी पद्धत अशी की, वीज चालू ठेवून मल्टिमीटरच्या दोन टोकांनी प्रत्येक स्विचच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेज मोजावे. बंद असलेल्या, म्हणजे जोडलेल्या संपर्कावर शून्य दिसते आणि जो एकच संपर्क उघडा आहे त्याच्यावर पूर्ण २३० व्होल्ट दिसतात. दोन संपर्क एकाच वेळी उघडे असतील, फ्यूज गेलेला असेल किंवा न्यूट्रल तुटला असेल तर कुठेच २३० दिसणार नाहीत. तेव्हा मीटरचे एक टोक खात्रीच्या न्यूट्रलवर ठेवून दुसऱ्या टोकाने माळेत पुढे पुढे जावे आणि व्होल्टेज कुठे नाहीसे होते ते पाहावे.

कॉइलवर पूर्ण व्होल्टेज मिळत असूनही काँटॅक्टर ओढत नसेल तर वीज बंद करून, कॉइलची एक वायर सोडवून तिचा रोध मोजावा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. कॉइल बदलताना तिच्यावर छापलेले व्होल्टेज वाचावे. २३० च्या जागी ४१५ व्होल्टची कॉइल बसवल्यामुळे ‘नवा काँटॅक्टरही चालत नाही’ अशी तक्रार आल्याचे अनेकदा पाहिले आहे.

काँटॅक्टर ओढतो, पण पाणी कोमटच राहते. एलिमेंट गेला असे समजावे का?

एलिमेंट गेला असण्याची शक्यता बरीच असते, परंतु तसे गृहीत धरू नये. प्रथम क्लॅम्प मीटर प्रत्येक फेजच्या वायरवर स्वतंत्रपणे लावावा. ६ किलोवॅटचा एलिमेंट २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर घेतो. तिन्ही फेजवर २६ च्या आसपास आकडा आला तर एलिमेंट चालू आहेत, आणि मग गरम पाण्याचा वापर वाढला आहे का, थंड व गरम पाणी कुठे मिसळते आहे का, थर्मोस्टॅट खाली ठेवला गेला आहे का याचा शोध घ्यावा. एखाद्या फेजवर शून्य आले तर त्याच फेजचा मार्ग तपासावा.

हिशेब केला तर लक्षणावरूनही अंदाज येतो. ५०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २३.३ युनिट ऊर्जा लागते. १८ किलोवॅटवर त्यासाठी साधारण १ तास १८ मिनिटे पुरतात. न्यूट्रल जोडलेल्या स्टारमध्ये एक एलिमेंट बंद पडला तर १२ किलोवॅट उरतात आणि वेळ १ तास ५६ मिनिटांवर जातो. न्यूट्रल जोडलेला नसेल तर उरलेले दोन एलिमेंट एकमेकांच्या माळेत येतात, शक्ती निम्मी म्हणजे ९ किलोवॅट होते आणि तेच पाणी तापायला २ तास ३५ मिनिटे लागतात. ‘पाणी तापते, पण दुप्पट वेळ लागतो’ ही तक्रार म्हणूनच फार बोलकी असते.

नाशिककडच्या एका वसतिगृहातील प्रसंग या ठिकाणी सांगावासा वाटतो. तेथे तीन नवे एलिमेंट आधीच मागवून ठेवले होते. क्लॅम्प मीटरने पाहिले तेव्हा दोन फेजवर २६ आणि २५ अँपिअर, तिसऱ्यावर शून्य. काँटॅक्टरच्या खालच्या तिन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मात्र उत्तम होते. वीज बंद करून तिसऱ्या एलिमेंटचा रोध मोजला तर ८.९ ओहम, म्हणजे एलिमेंट धडधाकट. मग त्याच्या टर्मिनलवरची वायर हलक्या हाताने ओढून पाहिली आणि ती सरळ हातात आली. ज्याने ती जोडली त्याने वायरचे आवरण पुरेसे सोलले नव्हते. स्क्रू तांब्याऐवजी आवरणावर आवळला गेला होता आणि सात तारांपैकी जेमतेम दोन त्याच्याखाली होत्या. त्या दोन तारांनी काही महिने भार सोसला आणि मग जळून त्या तुटल्या. टोकाचे बोटभर तांबे निळसर-काळे पडले होते. काळा भाग कापून नवा लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून बसवला, आणि काम झाले. तीनही एलिमेंट खोक्यातच राहिले.

एलिमेंट नेमका कसा तपासावा?

वीज बंद आहे हे सिद्ध केल्यानंतर एलिमेंटच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवाव्यात. वायरी जोडलेल्या ठेवून मोजले तर शेजारच्या एलिमेंटचा मार्गही मीटर मोजतो आणि वाचन फसवे येते. २३० व्होल्टच्या ६ किलोवॅट एलिमेंटचा रोध सुमारे ८.८ ओहम आणि ३ किलोवॅटच्या एलिमेंटचा सुमारे १७.६ ओहम असतो. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॅटने भागले की हा आकडा मिळतो. थोडाफार फरक चालतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतील तार तुटली आहे.

रोध बरोबर आला म्हणजे एलिमेंट निर्दोष ठरला असे नाही, कारण आतील तार अखंड असूनही ती बाहेरील धातूच्या नळीकडे वीज गळू देऊ शकते. त्यासाठी एलिमेंटचे टोक आणि धातूची नळी यांच्यामध्ये मेगर लावावा. चांगला एलिमेंट कित्येक मेगाओहम दाखवतो. मेगर लावण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) या मार्गातून वेगळे केलेले असावेत, नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने तेच खराब होतात.

बदली एलिमेंट घेताना त्यावरचे व्होल्टेज आणि संचाची जोडणी जुळते ना, हे पाहावे. २३० व्होल्टचा एलिमेंट चुकून डेल्टामध्ये, म्हणजे ४०० व्होल्टवर जोडला गेला, तर तो तिप्पट शक्ती खेचतो आणि फार काळ टिकत नाही.

आरसीसीबी वारंवार उडतो. तो काढून टाकला तर चालेल का?

अजिबात चालणार नाही. पाणी, धातू आणि वीज एकत्र असलेल्या ठिकाणी माणसाचा जीव वाचवणारे ते शेवटचे साधन आहे, आणि तो बायपास करून हीटर चालू ठेवणे म्हणजे वरच्या मजल्यावर नळाखाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा जीव धोक्यात घालणे आहे. ‘आजचा दिवस भागवू’ असे म्हणून केलेली जोडणी वर्षभर तशीच राहिलेली पाहिली आहे.

कारण शोधण्यासाठी तिन्ही एलिमेंट वेगळे करून एकेक जोडावा आणि कोणता जोडल्यावर आरसीसीबी उडतो ते पाहावे. काही एलिमेंट थंड असताना मेगरवर चांगले दिसतात आणि तापल्यावर नळीतील बारीक भेग उघडून गळती सुरू होते. म्हणून ‘दहा मिनिटांनी उडतो’ या तक्रारीत हीटर बंद केल्याबरोबर, एलिमेंट गरम असतानाच मेगर घ्यावा.

पावसाळ्यात किंवा सुट्टीनंतर बंद असलेला हीटर प्रथमच सुरू करताना आरसीसीबी उडाला, तर एलिमेंट टाकून देण्याची घाई करू नये. नळीच्या आत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतील ओलावा शोषून घेते. असा एलिमेंट काढून कोरड्या उष्णतेत सावकाश वाळवला की बहुतेकदा त्याचा इन्सुलेशन रोध पूर्ववत होतो. वाळवूनही तो वाढत नसेल तर मात्र बहुधा नळी फुटलेली असते.

सर्व एलिमेंट चांगले असूनही आरसीसीबी उडत असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे न्यूट्रलची सरमिसळ : हीटरचा न्यूट्रल आरसीसीबीनंतर दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला किंवा अर्थला कुठे जोडला गेला आहे का? दुसरी म्हणजे बेरीज. तापणाऱ्या स्थिर उपकरणांना किलोवॅटमागे ०.७५ मिलिअँपिअर, पण जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअर इतकी गळती मानकात मान्य आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही उडू शकतो. एकाच आरसीसीबीवर चार-पाच हीटर लावलेले असतील तर प्रत्येक उपकरण निर्दोष असूनही तो उडू शकतो. अशा वेळी प्रत्येक हीटरला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा.

आणि एमसीबी उडत असेल तर?

चालू करताक्षणी उडत असेल तर शॉर्ट सर्किट शोधावे. पंधरा-वीस मिनिटांनी उडत असेल तर प्रवाह मोजावा. तो योग्य असेल तर एमसीबीचे स्वतःचे टर्मिनल सैल होऊन तापत आहे का ते पाहावे. मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवणे हा उपाय नाही, कारण मग वायर तापते.

हाय-लिमिट कटआउटचे बटण रोज दाबावे लागते. तो कटआउट खराब आहे का?

क्वचित. पाण्याचे तापमान थर्मोस्टॅटच्या मर्यादेबाहेर गेले की हा कटआउट नियंत्रणाचा मार्ग तोडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. मुद्दामच त्याची रचना तशी असते, जेणेकरून कोणीतरी येऊन कारण पाहावे.

थर्मोस्टॅटचे बटण पूर्ण खाली फिरवून पाहावे. काँटॅक्टर सुटला नाही, तर थर्मोस्टॅटच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर व्होल्टेज आहे का ते मोजावे. व्होल्टेज असेल तर थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले आहेत. व्होल्टेज नसूनही एलिमेंटमधून प्रवाह वाहत असेल तर काँटॅक्टरचे मुख्य संपर्क वितळून एकमेकांना चिकटले आहेत. हा दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण अशा वेळी हाय-लिमिटने कॉइलचा पुरवठा तोडला तरी एलिमेंट तापतच राहतो. उकळत्या पाण्याचा दाब मग केवळ सेफ्टी व्हॉल्व्हवर अवलंबून राहतो. असा काँटॅक्टर सापडला की सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच दिवशी तपासावा.

दोन्ही ठीक असतील तर थर्मोस्टॅटचा बल्ब (तापमान जाणणारे टोक) त्याच्या खोबणीतून निसटला आहे का आणि खोबणीवर क्षारांचा थर चढला आहे का ते पाहावे. पाणी ८० अंशांवर गेले तरी बल्बला ते ६० वाटते आणि हाय-लिमिटला मध्ये पडावे लागते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवणे योग्य. त्यापेक्षा फार खाली ठेवून वीज वाचवू नये, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात, आणि रुग्णालयात तर हे मुळीच परवडणार नाही.

काँटॅक्टर गुणगुणतो किंवा खडखडतो. त्याचे काय करावे?

कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळते का ते पाहावे; काँटॅक्टर साधारणपणे ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढतो, म्हणजे २३० च्या कॉइलला किमान १९५ व्होल्ट तरी हवेत. व्होल्टेज ठीक असेल तर चुंबकाच्या तोंडांवरची धूळ पुसावी. खडखडणारा काँटॅक्टर तसाच चालू ठेवल्यास प्रत्येक थरथरीत संपर्कांमध्ये ठिणगी पडते आणि ते चिकटतात. संपर्क काळे दिसले म्हणून त्यांवर कानस मारू नये. त्यांवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो, तो घासून गेला की संपर्क अधिकच तापतात. नवा काँटॅक्टर घेताना त्याचे एसी-१ गटातील अँपिअर पाहावेत, कारण एलिमेंटसारख्या भाराला तोच गट लागू होतो. एसी-३ चा आकडा मोटारींसाठी असतो.

टर्मिनल आणि वायरची टोके सारखी जळतात. वायर जाड घातली तर थांबेल का?

वायर भाराच्या मानाने बारीक असेल तर थांबेल, पण बहुतेक ठिकाणी दोष जोडणीचा असतो. सैल जोडणीत केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून २६ अँपिअर वाहिले, तर त्या नखाएवढ्या जागेत ६७ वॅटहून अधिक उष्णता तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न यापेक्षा कमी वॅटचे असते, यावरून कल्पना यावी. रोज तापणे-थंड होणे यामुळे स्क्रू सैल होत जातात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वीज बंद करून ते आवळावेत. लग योग्य मापाचा आणि दाबयंत्राने दाबलेला असावा. एलिमेंटजवळच्या शेवटच्या टप्प्यात साधी पीव्हीसी वायर न वापरता उष्णता सोसणारी सिलिकॉन किंवा फायबरग्लासच्या आवरणाची वायर वापरावी. ॲल्युमिनियमची केबल तांब्याला जोडताना द्विधातू लग घालावा.

एलिमेंट सहा महिन्यांतच जातात. माल हलका असतो का?

कधी असतो, पण त्याआधी पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत. अनेक बोअरवेलचे पाणी वरच्या आकड्याकडे झुकते. असे पाणी तापले की एलिमेंटवर पांढरा दगडी थर चढतो, उष्णता पाण्यात उतरत नाही आणि आतील तार जास्त तापून तुटते. काढलेल्या एलिमेंटवर बोटभर जाड थर असेल तर नवा एलिमेंटही तितकेच दिवस टिकेल. सॉफ्टनर बसवावा आणि टाकीच्या तळाचा गाळ नियमित सोडावा.

थर नसताना नळी एका बाजूला फुगलेली किंवा फुटलेली दिसली तर एलिमेंट पाण्याविना चालला असावा. वरची टाकी रिकामी झाली तेव्हा पाण्याच्या स्विचने काम केले का, हे तपासावे. तिसरे कारण वाढीव व्होल्टेजचे. व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढले की शक्ती २१ टक्क्यांनी वाढते, आणि इमारतीचा मुख्य न्यूट्रल सैल असेल तर रात्री भार बदलेल तसे एखाद्या फेजवर ३०० व्होल्टही चढू शकतात. त्याच इमारतीत दिवे वारंवार जात असतील तर ही शंका पक्की समजावी.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हीटर बंद करून चालेल का?

हीटरचा मुख्य पुरवठा तत्काळ तोडावा, त्या टाकीवरील सर्व स्नानगृहांचा वापर थांबवावा आणि दोष सापडेपर्यंत तो सुरू करू नये. असा शॉक बसतो याचा अर्थ दोन दोष एकत्र आले आहेत : कुठेतरी गळती आहे, आणि अर्थिंगने किंवा आरसीसीबीने आपले काम केलेले नाही. म्हणून एलिमेंट बदलून काम संपत नाही. टाकीच्या धातूपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची जोडणी मोजावी, अर्थ इलेक्ट्रोडचा रोध आयएस ३०४३ मध्ये दिलेल्या पद्धतीने मोजावा आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो उडतो का ते पाहावे. हीटर पूर्ण तोडल्यावरही झिणझिण्या येत असतील तर गळती इमारतीतील दुसऱ्या उपकरणाची आहे आणि ती पाइपांतून येथपर्यंत पोहोचते आहे.

दुरुस्तीनंतर हीटर सुरू करताना काय पाहावे?

टाकी पूर्ण भरावी आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा गरम पाण्याचा नळ उघडून हवा निघून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबावे. नवा एलिमेंट पाण्याबाहेर असताना वीज दिली तर तो मिनिटभरातच निकामी होऊ शकतो. त्यानंतर एलिमेंटच्या फ्लँजवर पाणी ठिबकते का ते कोरड्या कापडाने पाहावे, कारण गॅस्केटमधून उतरलेला थेंब थेट टर्मिनलवर पडतो. मग पुरवठा द्यावा, तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि अँपिअर मोजावेत, थर्मोस्टॅट खाली-वर करून काँटॅक्टर सुटतो आणि ओढतो याची खात्री करावी आणि तासाभराने टर्मिनल पुन्हा एकदा पाहावीत. तिन्ही अँपिअर, तिन्ही एलिमेंटचे ओहम, मेगरचे वाचन आणि तारीख एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा; पुढच्या वेळी पहाटे पाचला येणारा वायरमन सर्वांत आधी तोच शोधतो.